रोजच्या वापरातील तंत्रज्ञान आणि नीतिविचार : प्रस्तावना

दाराची कडी, गावातला हापसा, रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, रस्त्यावरचा गतिरोधक, ओट्यावरचा मिक्सर आणि खिशातला मोबाइल या सगळ्या कोणीतरी विचार करून घडवलेल्या वस्तू आहेत. वस्तू किती उंच असावी, केवढ्याला पडावी, चालवायला किती जोर लागावा, बिघडली तर कोणाला उघडता यावी, हे ती वापरणाऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच ठरलेले असते. वापरणाऱ्याला वस्तू दिसते, तिच्यामागचे निर्णय दिसत नाहीत. ते निर्णय उजेडात आणून तपासणे हे रोजच्या तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे आणि नीतिशास्त्राचे काम आहे. या अभ्यासाचे मूळ प्रश्न तीन आहेत. वस्तू माणसाच्या वागण्याला कसे वळण लावते? कोणते वळण लावावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी कोणावर?

या प्रश्नांच्या वाटेत एक रूढ समजूत आडवी येते. साधन तटस्थ असते, भलेबुरे ठरते ते वापरणाऱ्याच्या हेतूने, असे सर्रास मानले जाते. सुरीने भाजी चिरता येते आणि इजाही करता येते, तेव्हा दोष सुरीचा नव्हे, असा हा युक्तिवाद. गुन्ह्याची शिक्षा ठरवताना तो योग्यच आहे. गुन्हेगाराला सुरीमागे लपता येत नाही. पण वस्तू समाजात काय घडवतात हे समजून घ्यायला तो अपुरा पडतो. फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूर यांनी यासाठी गतिरोधकाचे उदाहरण घेतले. ‘वाहने सावकाश चालवा’ हा फलक चालकाच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करतो. गतिरोधक आवाहनाच्या भानगडीत पडत नाही. रस्त्यावरच्या मुलांची पर्वा नसलेला चालकही गाडीचे नुकसान होईल म्हणून वेग कमी करतो. नैतिक नियम इथे डांबर-सिमेंटच्या हवाली केलेला असतो. त्याचा लाभ उघड आहे, तशी मर्यादाही. चौकातला पोलीस रुग्णवाहिकेला वाट करून देतो. गतिरोधक तिलाही अडवतो. नियम वस्तूत घातला की तो न चुकता पाळला जातो, मात्र अपवाद ओळखण्याची समज त्यातून निघून जाते.

भारतातील मतदान यंत्र हे या तत्त्वाचे विचारपूर्वक केलेले उपयोजन आहे. मतपत्रिकांच्या काळात मतदान केंद्र बळकावणाऱ्या टोळीला थोड्या वेळात गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत टाकता येत. यंत्र घडवताना दोन मतांमध्ये सक्तीचा अवधी ठेवला गेला, त्यामुळे मिनिटाला जेमतेम चार-पाच मतेच नोंदवता येतात. केंद्रावरच्या अधिकाऱ्याने ‘क्लोज’ बटण दाबले की मतदान तिथेच बंद होते. यंत्राचे रूप ठरवण्यात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्राचा वाटा होता. उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि बटण एका ओळीत ठेवल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही दुसऱ्याची मदत न घेता मत देता येते. मताची गुप्तता आणि केंद्राची सुरक्षितता ही लोकशाहीची मूल्ये अशा रीतीने बटणाच्या जागेत आणि दोन मतांमधल्या थांब्यात उतरली. तरीही यंत्राच्या पोटात काय घडते हे मतदाराला दिसत नव्हते. म्हणून पुढे दिलेले मत दाखवणारी व्हीव्हीपॅटची कागदी चिठ्ठी जोडली गेली. काम अचूक होणे आणि ते अचूक झाल्याची खात्री सामान्य माणसाला पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही डिझाइनच्या जबाबदारीत येतात.

तत्त्वज्ञांनी तंत्रज्ञानाकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहायला उशीरच केला. मार्टिन हायडेगर यांचा १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध या चर्चेत आजही पायाभूत मानला जातो. आधुनिक तंत्रज्ञान ही जगाकडे पाहण्याची एक रीत आहे आणि त्या रीतीत नदी म्हणजे विजेचा साठा, जंगल म्हणजे लाकडाचा साठा एवढेच उरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार खोल आहे, पण त्यात धरण आणि चष्मा यांतला फरक पुसला जातो. पुढच्या पिढीने म्हणूनच एकेक वस्तू हाती घेतली. अमेरिकी अभ्यासक लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये वस्तूंना राजकारण असते का, हा प्रश्न थेट विचारला आणि रस्ते, पूल, कारखान्यांतील यंत्रे यांच्या मांडणीतून सत्तेची वाटणी कशी होते याची चर्चा केली. डॉन आइडी यांनी माणूस आणि वस्तू यांच्या नात्याचे प्रकार लावले : चष्मा जणू डोळ्याचाच भाग होतो, तापमापी वाचावी लागते, तर फ्रिज पार्श्वभूमीला राहून काम करत असतो. डच तत्त्वज्ञ पीटर-पॉल फरबेक यांनी आणखी पुढे जाऊन डिझाइन हे वस्तूंच्या माध्यमातून केलेले नीतिशास्त्रच होय, अशी भूमिका घेतली. डिझाइनच्या क्षेत्रातूनही दोन मोठे आवाज आले. व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ मध्ये आपल्याच व्यवसायाला सामाजिक जबाबदारीचा जाब विचारला. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल तर चूक माणसाची नसून दाराच्या घडणीची आहे.

भारतात हा वाद त्याआधीच, आणि अधिक निकडीने झाला होता. गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली. पुढे त्यांची भूमिका बारकाव्यांची होत गेली. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले, कारण ते माणसाचे कष्ट हलके करते आणि त्याला बेकार करत नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी मुळातून समजून घेण्यासारख्या आहेत. चरखा हलका आणि सहज हलवता येणारा असावा. खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. बाईला त्यावर फार न थकता आठ तास काम करता यावे. तो भारतातच बनावा आणि किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो २० वर्षे चालावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. हे बक्षीस कोणाच्याही पदरी पडले नाही. पण वापरणाऱ्या बाईचा थकवा, तिच्या घराचा आकार, तिची ऐपत आणि वस्तूचे आयुष्य हे सारे तांत्रिक अटींच्या बरोबरीने मांडणारी ही यादी म्हणजे डिझाइनच्या नीतीचा एक आद्य दस्तऐवज आहे.

गांधींच्या यंत्रविषयक भूमिकेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, तितकेच सडेतोड उत्तर दिले. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या अंगमेहनतच आली, त्यांना यंत्राचा त्याग परवडणारा नाही. यंत्रामुळे फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय विद्या आणि संस्कृती शक्य नाही. यंत्रयुगात अन्याय दिसत असेल तर त्याचे मूळ यंत्रात नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधींचा प्रश्न होता यंत्र माणसाचे काय करते, आणि आंबेडकरांचा प्रश्न होता यंत्राचा लाभ कोणाला मिळतो. या विषयाला दोन्ही प्रश्नांची सारखीच गरज आहे.

महाराष्ट्रातील जात्याचा इतिहास हे त्याचे उत्तम प्रमाण. पहाटे उठून जात्यावर दळण दळणे हे बाईच्या वाट्याचे अटळ काम होते. त्याच कामाच्या लयीत ओवी रचली गेली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सासर-माहेर, भाऊ, सीता, पंढरीचा विठ्ठल हे त्यांचे विषय आहेत, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. अमेरिकी तत्त्वज्ञ अल्बर्ट बोर्गमन यांनी १९८४ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे लागू पडतो : आधुनिक उपकरण फळ सुटे करून देते, पण ज्या श्रमात आणि संगतीत ते फळ गुंतलेले असते ते श्रम आणि ती संगत दृष्टीआड करते. गिरणीने पीठ दिले, सोबत गाण्याचे निमित्त नेले. तरीही दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारले तर गिरणी हवीच, हेच उत्तर येईल. जाते परत आणणे हा उपाय नव्हे. गमावले ते काय होते हे नेमके ओळखणे, आणि वाचलेला वेळ बाईच्या स्वतःच्या वाट्याला आला की दुसऱ्या कामाने गिळला, हे विचारणे हा उपाय आहे. रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी अमेरिकेतील घरगुती उपकरणांचा इतिहास लिहिताना १९८३ मध्ये हेच दाखवले : धुलाईयंत्र आले तशी स्वच्छतेची अपेक्षाही वाढली, आणि गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत.

वस्तूची चांगली घडण कशी होते याचे सविस्तर उदाहरण हातपंपाचे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दुष्काळी भागांत कठीण खडक फोडणाऱ्या विंधन विहिरींचे काम वाढले. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतील नमुन्यांवरून केलेले होते, आणि ते नमुने एका कुटुंबाच्या वापरासाठी होते. भारतीय गावात एका पंपावर शेकडो माणसे दिवसभर पाणी हापसत. दांडा झिजे, सांधे सैल होत आणि पंप बंद पडे. १९७० च्या दशकात असे बंद पंप गावोगावी दिसत होते. दोष गावकऱ्यांच्या निष्काळजीपणाला देणे सोपे होते. खरा दोष, वापर कोण आणि कसा करणार याविषयीच्या चुकीच्या गृहीतकात होता.

सुधारणेची सुरुवात मराठी मुलखातच झाली. जालन्यात आणि नंतर सोलापुरात विहिरींच्या कामात गुंतलेल्या मंडळींनी पोलादी पंप तयार केले. सोलापूर पंपात दांड्याच्या टोकाला साखळी आणि वर्तुळखंडाची जोडणी होती, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होई आणि झीज कमी होई. युनिसेफ, सरकारी यंत्रणा आणि भारतीय कारखाने यांनी हाच नमुना पुढे नेऊन ‘इंडिया मार्क टू’ घडवला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. त्यावर पेटंटचे कुंपण घातले गेले नाही. मानक पाळणाऱ्या कोणत्याही कारखान्याला तो बनवता येई, म्हणून सुटे भाग एकमेकांना चालत आणि किंमत आवाक्यात राही. हा पंप पुढे आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला.

इतक्या यशस्वी नमुन्यातही एक उणीव राहिली होती. विहिरीतला भाग दुरुस्त करायचा तर नळांची जड माळ वर खेचावी लागे, आणि त्यासाठी तालुक्याहून गाडी, अवजारे आणि प्रशिक्षित माणसे यावी लागत. तोवर गाव पुन्हा लांबच्या पाण्यावर. ‘मार्क थ्री’मध्ये उभ्या नळाचा व्यास वाढवला गेला, त्यामुळे नळ न काढता आतला दट्ट्या वरूनच बाहेर घेता येऊ लागला. आता गावातल्या माणसांना, बायकांनाही, हे काम शिकून करता येण्याजोगे झाले. नळाचा व्यास ही तांत्रिक बाब दिसते. प्रत्यक्षात तिने गावाचे परावलंबन कमी केले. दुरुस्ती कोणाच्या हाती असावी या प्रश्नाचे उत्तर अशा मापांत दडलेले असते.

पंपाच्या कथेतले चुकीचे गृहीतक अनेक वस्तूंमध्ये आढळते. घडवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक सरासरी माणूस असतो, आणि तो बहुतेकदा घडवणाऱ्यासारखाच असतो. भारतीय डिझाइनर बराच काळ खुर्च्या, यंत्रे आणि वाहनांसाठी परदेशी शरीरमापे वापरत आले. भारतीय शरीरांच्या मापांचा पुस्तकरूप संग्रह राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरबाबत अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला असतानाही हे यंत्र तो पुरेसा दाखवण्याची शक्यता बरीच जास्त असते. प्रकाश त्वचेतून पार होतो, आणि त्वचेचा रंग हिशेबात पुरेसा धरला नव्हता. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तरी अपाय झाला. या विषयात हेतूइतकाच दुर्लक्षाचाही जाब का विचारावा लागतो, हे त्यातून कळते.

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राची गोष्ट याच जातीची आहे. धान्याची गळती थांबावी म्हणून बोटाच्या ठशाने ओळख पटवण्याची पद्धत आली. पण वीटभट्टीवर, शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. म्हातारपणीही त्या पुसट होतात. मग ‘मशीन अंगठा घेत नाही’ हे वाक्य ऐकू येते. ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांच्याच हातांना यंत्र ओळखत नाही. ओटीपी किंवा नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय ठेवलेली असली तरी ती दुकानात प्रत्यक्ष मिळते का, यावर सगळे अवलंबून राहते. यंत्र नाकारेल तेव्हा माणसाने काय करायचे, ही अपवादाची वाट मूळ आराखड्यातच ठसठशीत असली पाहिजे. विकलांग व्यक्तींच्या चळवळीतून आलेल्या सर्वसमावेशक डिझाइनच्या विचाराचे सारही हेच आहे : काठावरच्या माणसाला धरून आराखडा केला तर मधल्यांचीही सोय होते. रॅम्प चाकाच्या खुर्चीसाठी बांधला जातो, आणि बाबागाडी, हातगाडी, गुडघे दुखणारी आजी यांनाही तो उपयोगी पडतो.

डिजिटल वस्तूंनी या विषयाला नवी धार आणली आहे. लोखंडी वस्तू एकदा बनली की तशीच राहते. मोबाइलवरचे ॲप मात्र वापरणाऱ्याचे निरीक्षण करून रोज बदलता येते. पानाच्या तळाशी पोहोचलो की थांबावे, ही छापील मजकुराने दिलेली सवय न संपणाऱ्या पडद्याने मोडली. फुकट सेवेची किंमत लक्ष आणि माहिती या चलनात घेतली जाते, तेव्हा वापरणारा जितका गुंतेल तितकी कमाई वाढते. अशा वेळी डिझाइनरचे कौशल्य वापरणाऱ्याच्या हिताविरुद्ध राबवले जाऊ शकते. सभासद होण्याचे बटण ठळक आणि रद्द करण्याचे दडवलेले, शेवटच्या पायरीवर वाढलेले शुल्क, न मागता टोपलीत आलेली वस्तू या क्लृप्त्यांना २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव मिळाले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. माहितीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, २०१७ मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. बटणाची जागा आणि अक्षराचा आकार आता कायद्याच्या कक्षेत आले आहेत.

वस्तूचे आयुष्य हाही नीतीचाच प्रश्न आहे. १९२४ मध्ये मोठ्या बल्ब उत्पादकांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले. जास्त टिकणारे बल्ब बनवता येत असूनही हे केले गेले. उलट, १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा सीटबेल्ट तयार केला तेव्हा कंपनीने पेटंट असूनही इतरांना तो वापरू दिला. धंद्याची गणिते एकसारखी असूनही निर्णय वेगळे होऊ शकतात, हे या दोन घटना सांगतात. आज चिकटवून टाकलेली बॅटरी, खास अवजाराशिवाय न उघडणारे स्क्रू आणि न मिळणारे सुटे भाग यांमुळे चांगली वस्तू कचऱ्यात जाते. तिचे ई-कचऱ्यात रूपांतर झाल्यावर ती जाळून, फोडून धातू काढणारे हात बहुधा गरिबाचे असतात. युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरपासून मोबाइलसाठी एकच चार्जर-जोड सक्तीचा केला. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकची, शिलाईयंत्र आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची विद्या ही या देशाची मोठी ठेव आहे. वस्तू उघडता येण्याजोगी ठेवणे म्हणजे त्या विद्येला जगू देणे.

मग जबाबदारी कोणाची? इंग्रज अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये यातली खरी अडचण सांगितली. तंत्रज्ञान नवे असते तेव्हा ते बदलणे सोपे, पण परिणाम माहीत नसतात. परिणाम कळतात तोवर ते इतके रुजलेले असते, की बदल महाग पडतो. यावर एकच सयुक्तिक मार्ग दिसतो : सुरुवातीपासून वस्तू दुरुस्त करता येण्याजोगी, परत फिरवता येण्याजोगी ठेवणे आणि वापरणाऱ्यांना घडणीच्या वेळीच सामील करणे. डिझाइनर, उत्पादक, नियमन करणारे सरकार आणि ग्राहक यांचे वाटे वेगवेगळे आहेत. ज्याच्या हाती निर्णय जास्त, त्याची जबाबदारी जास्त. ‘ग्राहकाने काळजी घ्यावी’ एवढे सांगून उत्पादक सुटत नाही, आणि ‘कंपन्याच तशा’ म्हणून नागरिकही सुटत नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने कोणतीही वस्तू हाती घेताना काही प्रश्न सोडू नयेत. ही कोणाला गृहीत धरून घडवली? कोण बाहेर राहिले? ती कोणाचे कष्ट वाचवते आणि कोणाच्या माथी मारते? बिघडली तर कोण दुरुस्त करेल, आणि टाकून दिली तर कोणाच्या अंगणात पडेल? हे प्रश्न अभियांत्रिकी आणि डिझाइनच्या वर्गांत जितके विचारले जायला हवेत, तितकेच ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि ग्राहक मंचातही विचारले गेले पाहिजेत. लाखोंच्या आयुष्याला वळण लावणारी वस्तू घडवणे हे सार्वजनिक काम आहे, आणि सार्वजनिक कामाचा हिशेब मागण्याचा हक्क ती वापरणाऱ्या प्रत्येकाला आहे.